आई पावसात करायची ती भाजी

आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाबांचं अन्न तुटलं. एका दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मले थे भाजी पायजे. तुझी आई पावसात करायची थे."

"कोणती?"

"नाव कोनाले मालूम? वरणात टाकायची. जराशी आंबट, जराशी चिकट."

मलाही चव आठवत होती. लसणाची फोडणी, आंबटपणा, आणि घास गिळल्यावर जिभेवर मागे राहणारा बारीकसा कडवटपणा. पण ती भाजी दिसायची कशी, ते आठवेना. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये आई ती पदरात घालून आणायची, ओली, मातीने भरलेली. मी शाळेतून येईपर्यंत ती चिरून, शिजून झालेली असायची.

बाबा प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि आम्ही मरोद्याला लहानसं घर घेतलं. मी कुम्हारीला एका कंपनीच्या ऑफिसात जाते, येणंजाणं बसने. परतीच्या वाटेवर बाजारात विचारलं, तर भाजीवालीने चेंच भाजी दिली. शिजल्यावर चिकट झाली, आंबट नाही. बाबांनी दोन घास खाल्ले. "हे नाही," म्हणाले.

मग मौसी आठवली. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची, इकडचीच, छत्तीसगढी. ती आणि आई मिळून सेक्टरमागच्या मोकळ्या जागेत जायच्या. आता ती दुर्गच्या पलीकडे गावी, मुलाकडे असते. फोन केला, तर रविवारच्या पहिल्या बसने आली. दारातच माझ्या गळ्यात पडून थोडं रडली, चहा प्यायली आणि म्हणाली, "चल."

आम्ही तलावाच्या बाजूने निघालो. मी दिसेल ते हिरवं तोडायला वाकायची आणि ती माझा हात धरायची. "पहिली चीन्ह ले, बेटी." आधी ओळख करून घे, मग तोड.

सगळ्यात आधी तरोटा दाखवला. ती त्याला चरोटा म्हणते. पानांच्या तीन जोड्या, टोकाशी गोल. त्याच्याच शेजारी अगदी तसंच एक झाड होतं, फक्त पानं टोकदार. मौसीने त्यातलं एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. घाण वास आला. "ये हमर काम के नहीं." मग जमिनीवर पसरलेली घोळ दाखवली, लालसर देठाची, जाड पानांची. एका भिंतीच्या सावलीत तीन-तीन पानांची तिनपनिया होती. एक पान चावलं तर दात आंबले. मला वाटलं, सापडली.

"मौसी, आईची भाजी हीच ना?"

ती म्हणाली, "तेरी माँ की भाजी कोई एक नहीं थी, बेटी. मुट्ठी भर ये, मुट्ठी भर वो. उस दिन जो मिला."

"किती काय घालायची?"

"वो तो देखके डालती थी."

संध्याकाळी मौसीला बसमध्ये बसवलं. घरी येऊन तिन्ही भाज्या एकत्र शिजवल्या. बाबांनी चव घेतली, डोळे मिटले. "जवळ आली," म्हणाले. "पण नाही."

त्यानंतर पावसाळाभर दर रविवारी मी एकटी जाऊ लागले. कधी घोळ जास्त पडायची, कधी तरोटा जून निघायचा. बाबा एकच घास खाऊन सांगायचे, "आज आंबट झाली," "आज लसूणच लागून राहिला." पण पुढचा घास घ्यायचे. हळूहळू पोळ्याही दोनाच्या तीन झाल्या. मी बाहेर गेले की लसूण सोलून ठेवायचे आणि फाटकाशी उभे राहायचे. माझ्याही नजरेत फरक पडला. बसच्या खिडकीतून आधी नुसतं गवत दिसायचं, आता त्यात तरोटा वेगळा दिसायचा, घोळ वेगळी. आईला असंच दिसत असेल, असं कधीकधी वाटायचं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटाकडचा एक रविवार. तरोट्याला शेंगा धरल्या होत्या, कोवळी पानं मिळाली नाहीत. त्याच्या जागी मी चेंच घातली, तिनपनिया बरीच. बाबा जेवायला बसले. एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि बोट चाटून म्हणाले, "हेच. तुझी आई अशीच करायची."

मी माझ्या वाटीतून चव घेतली. ती नव्हती. मागे राहणारा तो कडवटपणा त्यात नव्हता, चेंचेने सगळं गुळगुळीत झालं होतं. मला पक्कं ठाऊक होतं. बाबा मात्र ताट पुसून खात होते आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आणखी वाढ म्हणून मागितलं.

"हो बाबा," मी म्हणाले आणि वाढलं.

तेव्हापासून ते तीच मागतात, आणि मी तशीच करते. त्यांची आठवण भरून निघाली. माझीच तेवढी राहिली, आणि ती आता ताडून पाहायला दुसरी जीभ घरात नाही. तरोटा कोवळा मिळाला की रविवारी दुपारी ते झोपल्यावर मी त्याची पानं वेगळी काढून लहान पातेल्यात वेगळी भाजी शिजवते आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाऊन बघते. मधून मधून मौसीचा फोन येतो. पाऊसपाण्याचं, बाबांच्या तब्येतीचं विचारून झालं की ती विचारते, "मिली क्या, बेटी?"

"अभी नहीं, मौसी," मी सांगते.