हाडावर कोरलेला पाऊस

दिल्लीत मी प्राचीन चिनी लिपी शिकत होतो. संशोधनाला तिथंच थांबायचं की परत येऊन बी.एड. करायचं, हे सुट्टीत घरी विचारायचं होतं. पण विषय काढायला धीर होत नव्हता.

अक्षय्य तृतीयेला आमच्या जळगाव जामोदकडे शेतात घट मांडतात. पाण्याच्या घागरीभोवती धान्य आणि सरकी ठेवतात. दुसऱ्या पहाटे दाणे कसे हलले ते पाहून पाऊसपाणी आणि पिकांचं भाकीत सांगतात. आदल्या हंगामात बीटी बियाणं असूनही कपाशीची बोंडं गुलाबी अळीनं पोखरली होती, म्हणून त्या पहाटे गर्दी फार होती. कपाशी 'साधारण' निघाली. बाबा गाडीकडे वळले.

"तू तिकडं काय शिकून राह्यला बे नेमकं?" त्यांनी एकदम विचारलं.

"जुने चिनी राजे हाडावर प्रश्न कोरत, बाबा. पाऊस येईन का, पीक होईन का."

"म्हंजे त्याइचाही घटच!" ते हसले. "मंग आला का पाऊस?"

"काही हाडांवर आला म्हून कोरलंय. बऱ्याच हाडांवर काहीच नाही."

"काऊन?"

"नक्की सांगता येत नाही. मले त्याच्यावरच संशोधन करायचं आहे. पाच-सहा वर्षं लागतील."

बाबांनी गाडीला किक मारली. "मंग कर ना. मले काय इचारतं?"

मी मागे बसलो. आनंद व्हायला हवा होता. पण ते नाही म्हणतील, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. आता दिल्लीला परत जायचं की नाही, हे माझं मलाच ठरवावं लागणार होतं.