डोक्यावर ठेवलेला हात

२०२२ साल. मला अडुसष्टावं चालू होतं आणि माझ्या पोराची केस बुलढाण्याच्या कोर्टात चालू होऊन तिसरं वर्ष. पोरगा गेला तो विहिरीवर. विहीर माझी आणि चुलतभावाची सामाईक. मोटार लावायची पाळी कोणाची यावरून बोलाचाली झाली, आणि चुलतभावाच्या धाकट्या पोरानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, लोखंडी पाइप उचलून माझ्या पोराच्या डोक्यात घातला. मी कांद्याच्या वाफ्यात होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या वावरातल्या दोघांनीही पाहिलं होतं, पण कोर्टात उभे राहिल्यावर त्यांना काही आठवेना. याला तिथं फितूर होणं म्हणतात. राहिलो मी एकटा. मी हललो की केस गेली, असं सरकारी वकील मॅडमनी मला तोंडावर सांगितलं होतं.

गावातले चार शहाणे माझ्या साक्षीआधी घरी येऊन गेले. ओट्यावर बसले, चहा घेतला, मग एक म्हणाला, "पोरगा त काही वापस येत नाही. भावकीतलं हाय, भावकीतच राहू द्या. नीट दिसलं नाही म्हना, झालं."

"मले अजून सुईत दोरा ओवता येते," मी म्हटलं. "चहा झाला असंन त कप ठेवा खाली."

तारखांचं सांगत बसत नाही. कधी साहेब रजेवर, कधी त्यांचा वकील आजारी. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण तारीख कधी चुकली नाही. दर वेळी धुतलेलं धोतर नेसून घाट चढून जायचो. पोराची माय एकदाही आली नाही. मारणाऱ्याचं तोंड पाहायचं नव्हतं तिला.

माझ्या साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या ओसरीत बाकावर बसलो होतो. पुतण्या जामिनावर सुटला होता, तोही आला. सरळ माझ्यापाशी येऊन वाकला.

"मोठेबाबा, पाया पडतो."

आमच्या भावकीत बोलणं बंद असो की बांधावरून कज्जा चालू असो, लहानानं वाकायचं आणि मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा, हे कोणी मोडत नाही. जन्मभर तेच केलं. माझा हात गेला. तोंडातून "सुखी राय" पण गेलं. मग कळलं मी काय केलं ते. समोर त्याचा वकील उभा होता, फाइल छातीशी धरून.

मी साक्षीच्या पिंजऱ्यात जे पाहिलं ते सगळं सांगितलं. मग तो वकील उठला.

"आज सकाळी आरोपी तुमच्या पाया पडला, हे खरं आहे?"

"हो."

"तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला?"

"ठेवला."

"काय म्हणालात?"

"सुखी राय म्हटलं."

"म्हणजे यानं मारलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. लोकांनी सांगितलं म्हणून याचं नाव घेतलं."

"मारलं यानंच. पाया पडला त हात जाते, तुमचाही गेला असता."

"विचारलं तेवढंच सांगा."

जजसाहेबांनी माझं बोलणं टाइप करणाऱ्याला सांगितलं, सगळं की थोडं ते मला समजलं नाही. पाच वाजत आले होते. उरलेली उलटतपासणी उद्या, असं म्हणाले.

बाहेर मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाबा, हात खिशात तरी ठेवायचा होता."

"धोतराले खिसा कुठं असते मॅडम?"

त्या हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही. एसटीत खिडकीशी बसलो. पूर्ण घाटभर माझा उजवा हात मांडीखाली होता.

घरी पोराच्या मायला मीच सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मी बरा. ती भाकर वाढत होती.

"हात ठेवला त्याच्या डोक्शावर?"

"ठेवला."

"कोनता?"

"उजवा."

"मंग डाव्यानं जेवा."

मी उजव्यानंच जेवलो. ती उठून आत गेली आणि जेवली नाही. काही समजावायला गेलो नाही, मला ते येत नाही. आत ती जागीच होती, मीही जागाच.

सकाळी पहिल्या गाडीसाठी स्टँडवर गेलो, तर ती आधीच तिथं उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं. मी दोन तिकिटं घेतली.

ओसरीत बाकावर दोघं बसलो. पुतण्या आला, त्याचा वकील मागे. पुतण्या आधी तिच्यापुढं वाकला. तिनं पाय उचलून बाकावर घेतले आणि लुगड्याखाली झाकले. त्याला म्हणाली, "तुह्या मायच्या पड."

तो तसाच वाकलेला माझ्याकडं वळला. मी दोन्ही हात मागे बांधून उठलो. आमच्या घराण्यात असं मी कधी केलं नव्हतं, कोणाला करताना पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात पुकारा झाला. मी आत गेलो, पिंजऱ्यात उभा राहिलो आणि वकिलाला म्हटलं, "विचारा, काय राह्यलं ते."

त्यानं दुपारपर्यंत विचारलं. मी कालचंच सांगत राहिलो.