मुलीची शाळा बदलली ते वर्ष

बेल्ह्याजवळच्या आमच्या वस्तीवरून जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर आहे. मुलगी पहिली-दुसरी तिथेच शिकली. चार वर्गांना दोन बाई. त्यातल्या एक सारख्या प्रशिक्षणाला नाहीतर कसल्याशा सर्वेक्षणाला गेलेल्या. एका दुपारी मी शाळेत डोकावले, तर दुसऱ्या बाई मोबाईलवर माहिती भरत बसल्या होत्या आणि चारही वर्ग एकाच खोलीत पाढे ओरडत होते.

जाऊबाईंची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. ती बसने लांबच्या इंग्रजी शाळेत जायची. घरी पाहुणे आले की हातवारे करून इंग्रजी कविता म्हणायची. माझी तेव्हा दाराआड उभी असायची.

"आपन बी हितंच शिकलो की," नवरा म्हणाला. "काय आडलं आपलं?"

"बँकेत फॉर्म हातात आला की मी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघते. तिचं बी तसंच व्हायचं का?"

जूनमध्ये आम्ही तिचं नाव काढून जाऊबाईंच्या मुलीच्या शाळेत घातलं. दाखला देताना गावच्या शाळेतल्या बाईंनी एवढंच विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मी दाखला घडी करून पिशवीत ठेवला.

बस साडेसहाला फाट्यावर यायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि त्या वर्षी त्याने वस्तीवरची दोन कुत्री नेली होती. थंडीत त्या वेळी धड उजाडलेलंही नसायचं. आम्ही चार-पाच आया पोरांना मधे घेऊन, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून, काठ्या आपटत उभ्या राहायचो. उसाचं वाळलेलं पाचट सळसळलं तरी सगळ्यांचं बोलणं थांबायचं.

पण मला खरा घोर लागला तो बस परत आल्यावर. दिवसभर बडबडणारी माझी पोरगी घरी येऊन नुसती बसून राहायची. डायरीतले इंग्रजी शेरे मी मोबाईलवर फोटो काढून मराठीत करून वाचायचे. 'वर्गात बोलत नाही.' पुन्हा पुढच्या आठवड्यात, 'वर्गात बोलत नाही.' जाऊबाई म्हणाल्या, "जरा कळ काढ गं. माजी बी पहिलं वर्ष लई रडायची." मी कळ काढली.

दिवाळीनंतर तिला ताप भरला. लघवीला जळजळ होते म्हणून रडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पिते का नीट?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिची बाटली रोज भरलेलीच परत यायची. मला वाटायचं, शाळेतून भरून आणते.

त्या संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन विचारलं. माझ्या बांगड्या फिरवत ती बोलली.

"शूला जायचं इंग्रजीत विचारायचं असतं. मला ते वाक्य येत नाय. सगळे हसतात. म्हणून मी पाणीच पीत नाय."

आठ वर्षांच्या पोरीने हा उपाय एकटीने शोधून काढला होता, आणि मी महिनोन् महिने ती बाटली रोज विसळत होते. अजून थोडी कळ काढायला मी तयार होते, हे आठवलं की आजही भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी मी गावच्या शाळेत गेले. दाखला देणाऱ्या त्याच बाई होत्या.

"घेते की तिला," त्या म्हणाल्या. "पण ताई, मी रोज वर्गात असेनच असं नाही सांगू शकत. आणि मुलांचा पट इतका कमी झालाय, की पुढच्या वर्षी शाळा राहते की नाही, तेही ठाऊक नाही."

निदान खोटं तरी बोलल्या नाहीत. मी नाव घातलं.

आता बाईंना बाहेर जावं लागलं की मी आणि आणखी दोघी आया आळीपाळीने वर्गात जाऊन बसतो. मला शिकवता येत नाही. मुलांकडून धडे मोठ्याने वाचून घेते. मुलगी पुन्हा बडबडायला लागली आहे. जाऊबाईंची मात्र पाहुण्यांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलते, आणि मी लगेच माझ्या मुलीकडे बघते.

ही शाळा चौथीपर्यंतच आहे. परवा सकाळी मी वेणी घालत असताना तिने विचारलं, "पाचवीला मला कुठं घालनार?"

"बघू," मी म्हणाले. तिची पाठ माझ्याकडे होती, तेच बरं झालं.