मोगऱ्याचा रिलीव्हर

नेहरू नगरातलं हे घर घेतलं तेव्हा बाजूचा प्लॉट रिकामा होता. जन्मभर पोलादाच्या भट्टीसमोर भाजून निघालेला माणूस मी, बायकोला ऐटीत म्हणालो, "इथं उनाची काय कमी हाय?" पुढं त्या प्लॉटवर कोचिंग क्लासची तीन मजली इमारत उभी राहिली. आता आमच्या अंगणात ऊन पडत नाही, वरून पोट्ट्यांनी घोकलेले फॉर्म्युले तेवढे पडतात.

रिटायर झालं की प्लांटच्या टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागतं. पुरुष कपाट आणि फ्रीज मोजतात, बायका झाडं उपटून घेतात. सामानाच्या ट्रकवर सगळ्यात वर कुंड्या असतात. बायकोनं मोगरा आणला आणि खिडकीसमोर लावला. मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मोगरा दिसावा म्हणून आम्ही पलंग खिडकीशी सरकवला. तिच्या डोळ्यांदेखत तो सावलीत पिवळा पडत गेला. शेवटची फांदी वाळली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. जेवण नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू ठेवा, पण त्यांनी खाल्लं पाहिजे. मन लागलं पाहिजे." मन कुठल्या दुकानात मिळतं, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

मी उतईच्या रस्त्यावरची नर्सरी गाठली. नर्सरीवाल्यानं विचारलं, "बाबूजी, धूप आती है ना?"

"भरपूर," मी म्हणालो. डॉक्टरसमोर बिडी नाकारतात, तसं खोटं बोललो. नाही म्हटलं असतं तर त्यानं मोगरा दिला नसता, आणि मला मोगराच हवा होता.

प्लांटात आमचा नियम होता, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही तर पहिल्यानं भट्टीशी उभं राहायचं, मग घरी भाजी थंड होवो की बायको गरम. तोच नियम मी अंगणात लावला. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना मेलेला मोगरा उपटला, नवा लावला आणि ओरडलो, "अगं पाह्य ना, तुह्या मोगऱ्याले कळी आली!"

तिनं मान वळवली नाही. कळी गळाली. मोगराही गेला. मी दुसरा आणला, तो गेला. मग गुलाब, शेवंती, झेंडू. आमची लेक भाताची वाटी तशीच परत नेताना अंगणात थबकायची. "बाबा, ये क्या है? तुमी झाडं लावून राहिले का गाडून राहिले?"

मग माझ्यातला लोहार जागा झाला. सुपेल्याच्या बाजारातून चकचकीत स्टीलचा पत्रा आणला आणि गच्चीच्या कठड्याला तिरपा बांधला, म्हणजे ऊन उलटून अंगणात येईल. आलं की! पण अंगणात नाही, कोचिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, फळ्यासमोर उभ्या असलेल्या सरांच्या डोळ्यांत. सर खाली आले आणि हात जोडून म्हणाले, "अंकलजी, बच्चों का साल खराब हो जाएगा." मी पत्रा उतरवला. उतरवताना हसू आलं, आणि जिन्यात बसल्यावर त्या हसण्याचं काय झालं ते सांगत नाही. खाली ती दिवसेंदिवस वाळत होती आणि मी वर पत्रे बांधत होतो.

शेवटचा मोगरा मी भर कळ्यांचा आणला. खिडकीखाली खड्डा करायला बसलो. तिथं मोरीच्या पाण्यावर धोपा आपोआप उगवला होता, म्हणजे पुण्याकडचं अळू. तो दर वेळी मध्ये यायचा आणि दर वेळी मी तो उपटून फेकायचो. या खेपेलाही हात घातला.

"नोका... उपटू."

मी वर पाहिलं. डाव्या हातानं गज धरून ती खिडकीतून माझ्याकडे पाहत होती. कधी वळली, कशी वळली, कोण जाणे. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुह्या मोगऱ्याची माती मोकळी करून राहिलो."

"माह्या मोगऱ्याचं खोड... बकरीनं खाल्लेलं. वाकडं." शब्द ती एकेक करून ओढून आणत होती. "हा... रिलीव्हर हाय."

माझ्या हातातलं खुरपं खाली पडलं. "तुले माहीत होतं?"

"सगळेच... रिलीव्हर." तोंडाची एक बाजू किंचित हलली. "काहून मारता बिचाऱ्यायले? इथं ऊन नाही जी."

"मग मी काय लावू? तूच सांग."

गजावरची तिची बोटं सैल झाली. वर कोणीतरी मोठ्यानं सूत्र म्हणत होतं. मला वाटलं, आता वळेल पुन्हा भिंतीकडे.

"धोपा राहू द्या. हळद लावजा. पानवेल... त्या भिंतीले." भिंत म्हणजे कोचिंगची. "मोगरा गच्चीवर."

"गच्चीवर तुले दिसंल कसा?"

"नाही दिसंल," ती म्हणाली.

मी मोगरा वर नेऊन ठेवला. हळदीचे गड्डे लावले, पानवेलीची काडी खोचली. गच्चीवर तो निर्लज्जासारखा फुलतो. फुलं मी खाली आणून तिच्या उशाशी ठेवतो. ती कधी वास घेते, कधी नाही. अजूनही काही दिवस भिंतीकडे तोंड असतं. अशा दिवशी वाटी घेऊन मी अंगणातच उभा राहतो, धोप्याच्या पानांत, खिडकीच्या बाहेर. म्हणजे तिला वळावंसं वाटलंच, तर जागेवर कोणीतरी असावं. काल तिनं गजातून दोन घास खाल्ले. आज अजून वळलेली नाही. भात थंड झालाय. मी उभा आहे.