डाळीच्या कढईतला तोफगोळा

हवालदार जमिनीवर दोनदा तळहात आपटायचे आणि म्हणायचे, "बसा, जागा हाय." पंगत कितीही गच्च असो, त्यांच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा कशी कोण जाणे निघायचीच. पाया पडायला कुणी वाकलं की ते टुणकन मागं सरायचे. "आधी हात धुवा. जेवायचंय आपल्याला."

असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. फक्त त्याचा देव करायचं पाप तुमच्या हातून घडलं नसेल. माझ्या हातून घडलं.

माझं सांगलीच्या विश्रामबागेत छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहाव्याचे कागद. मला खरं तर लेखक व्हायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून मी लोकांच्या पत्रिकांत साहित्य ओततो. एका पत्रिकेत मी सूर्योदयाचं वर्णन इतकं रंगवलं की लग्नाची तारीख घालायचीच राहून गेली. पाहुणे महिनाभर फोन करून विचारत होते, सूर्य कुठल्या दिवशी उगवणार म्हणून. अशा माणसाच्या दुकानाची पायरी हवालदार चढले, हे त्यांचं दुर्दैव.

हवालदार फौजेत लंगरात आचारी होते. पेन्शनवर गावी आले. गाव सांगलीच्या पूर्वेला, ऊस संपून बाभळी सुरू होतात तिथं. गावात जुना मठ आणि मठाचा वर्षाचा भंडारा. पहिली पंगत बागायतदार घरांची. त्यांच्या पत्रावळ्या उचलल्या की दुसरी पंगत, मेंढरं राखणाऱ्या घरांची. कुणी नियम लिहून ठेवला नव्हता. लोक आपोआप आपापल्या जागी बसायचे.

हवालदारांचं घर पहिल्या पंगतीतलं. पण त्या वर्षी ते सरळ दुसरीत जाऊन मांडी घालून बसले. मठाचे महाराज स्वतः आले. "हवालदार, तुमी हिकडं कुठं?"

"लंगरात एकच लाइन असती, महाराज. सवय न्हाई मोडत."

पुढच्या वर्षी त्यांना निरोप आला, येऊ नका. मग त्यांनी आपल्या रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी आमटी-भात रांधायला सुरुवात केली. कुणीही या, एका ओळीत बसा, खा, जा. ना मंत्र, ना माळ. एवढाच तो पंथ. त्याला 'एकपंगती' हे नावही मीच दिलं, कारण पत्रकाला मथळा हवा होता.

पत्रक छापून झालं तेव्हा मीच त्यांना म्हणालो, "हवालदार, एक छोटंसं पुस्तक काढू. तुमच्या आयुष्यातलं काही सांगा."

ते हसले. "माझ्या आयुष्यात काय, कांदा चिरला. एकदा सरहद्दीवर गोळे पडाय लागले तवा मी डाळीची कढई उपडी केली अन् तिच्याखाली शिरलो. गोळीबार थांबला तरी भाईर येईना. साहेबानं पळीनं ठोकून भाईर काढला."

मी पोट धरून हसलो. आणि रात्रभर खपून लिहिलं, की तोफगोळा उकळत्या कढईत पडला, हवालदारांनी त्याच्यावर हात ठेवला आणि गोळा निवला. त्या दिवसापासून त्यांच्या देहाला शस्त्र शिवत नाही. वाक्य मला फार आवडलं होतं. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं होतं.

हवालदारांनी छापलेलं पुस्तक हातात घेतलं, चष्मा पुसला, वाचलं. "आवं लेखकसाहेब, मी कढईखाली हुतो."

"पण ते वाचून कोण येईल?"

"जेवाय येत्यात की. आमटी चांगली असती."

"पुढच्या आवृत्तीत बदलतो," मी म्हणालो. तीन आवृत्त्या निघाल्या. तिसऱ्यात मी बदल केला खरा: गोळ्याचं रंगीत चित्र घातलं.

लोक येऊ लागले. कराड, वाई, कुठून कुठून गाड्या यायच्या. शेडचा मंडप झाला, मंडपावर पांढरा झेंडा चढला, आणि हवालदारांनाच लोक महाराज म्हणू लागले. एका निवृत्त गुरुजींनी व्यवस्था हाती घेतली. गुरुजी शिस्तीचे. मठात जो जेवला त्यानं इथं बसायचं नाही, असा फलक त्यांनी लावला. फलक मीच छापला. मग मठात न जेवण्याची शपथ घेतलेल्यांसाठी पुढची एक ओळ राखून ठेवली जाऊ लागली.

हवालदार पळी हातात घेऊन त्या ओळीकडं बघत उभे राहिलेले मला आठवतात. "लेखकसाहेब, ही पयली वळ कशाची?"

"मानाची."

"मग मी मठातनं उठलो कशाला?"

मी पत्रावळ्या मांडायला लागलो.

मठ आणि मंडप यांच्यात कुरबुरी वाढल्या. कुणाची मोटारसायकल फोडली, कुणाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. मोबाइलवर एकमेकांच्या देवांना शिव्या फिरू लागल्या. तेव्हा हवालदारांनी एका गुरुवारी सांगून टाकलं, "भंडाऱ्याला मी मठात जाणार. दुसऱ्या पंगतीत बसून जेवणार. त्येंनी वाढलं तर मिटलं. हा मंडप मोडायचा."

"महाराज, एकटं?" गुरुजी म्हणाले.

"जेवाय किती माणसं लागत्यात?"

पण भंडाऱ्याच्या दिवशी त्यांच्यामागं सगळा मंडप निघाला. हातात काठ्या, कुणाकुणाकडं ऊसतोडीचे कोयते. मी कडेकडेनं चाललो होतो. हवालदार मागं वळून हात जोडत होते. "घरी जावा रं. मी जेवून येतो." कुणी हटेना. उलट त्यांनाच पुढं सारलं. गुरुजी ओरडले, "महाराजांना म्होरं ठेवा! त्येंना शस्त्र शिवत न्हाई!"

वाक्य माझं होतं. मी ते ऐकलं आणि चालत राहिलो.

मठाच्या लोकांनी काठ्या पाहिल्या आणि हल्लाच समजून दगड मारायला सुरुवात केली. पहिल्या पाच-सहा दगडांतला एक हवालदारांच्या कानामागं बसला. ते खाली बसले, जेवायला बसावं तसे. मग कोण कुणाला मारत होतं ते मला सांगता येणार नाही. मी एका ट्रॉलीमागं लपलो होतो. दुपारपर्यंत मठाचा दरवाजा फुटला होता आणि मंडप जळत होता. दोन्हीकडचा एकेक माणूस जागेवरच गेला.

हवालदारांना त्यांच्या लोकांनी वडाखाली आणून निजवलं होतं. श्वास चालू होता. नाकातून रक्त येत होतं. सगळे गोल बसून भजन म्हणत होते.

मी म्हणालो, "गाडी काढा, मिरजेला न्या."

"त्येंना काय होत न्हाई," एक जण म्हणाला. "बुकात हाय."

"अरे, ते खोटं आहे! मी लिहिलंय ते! मी माझ्या मनानं लिहिलंय!"

त्यानं माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. "तुमी लिवलं न्हाई, सायेब. महाराजांनी लिवून घेतलं तुमच्याकडनं."

दोन तास गेले. शेवटी पोलिसांनीच त्यांना जीपमध्ये घातलं. मिरजेत डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे वाक्य मी कुठंच छापलं नाही.

पंथ संपला. गुरुजी आणि बरेच जण तुरुंगात आहेत, मठातलेही आहेत. मठाला कुलूप आहे. मी उरलेल्या प्रती बंबात घातल्या. एक ठेवली, आणि दोन महिन्यांनी ती घेऊन हवालदारांच्या बायकोकडं गेलो. कबूल करायला.

काकींनी आधी पिठलं-भाकरी वाढली. मग म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाई. लोक लय म्हनायचे बुकात चांगलं हाय. ह्येंनी कवा वाचून दावलं न्हाई. तुमी वाचा."

मी वाचू लागलो. जन्म, फौज, लंगर. कढईचं पान आलं तसं मी शिताफीनं दोन पानं एकदम उलटली.

"दोन पानं गेली," काकी म्हणाल्या.

मग वाचावंच लागलं. गोळा, उकळती डाळ, हात ठेवला, निवला, देहाला शस्त्र शिवत नाही. मान वर करायचा मला धीर होईना. म्हणालो, "काकी, हे असं झालं नव्हतं."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "कढईखाली शिरले हुते. मला सांगताना लय हसायचे."

त्यांनी चुलीतली लाकडं मागं-पुढं केली.

"पर तुमी लिवलंय तसं झालं असतं, तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "वाचा म्होरं."