डावी बाही

विणकामाच्या त्या छोट्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. भाजीवाला आणि पोस्टमनसुद्धा. खरी वहिनी ती रस्त्यापलीकडे तसाच कारखाना चालवणाऱ्या धाकट्या दिराची आणि जावेची. आणि नेमकी ती जाऊच तिला कशानेच हाक मारत नव्हती. भाऊ वेगळे झाले तेव्हा स्वेटर विणणारी मशीनं तीन-तीन वाटून घेतली. जावांचं बोलणं तेव्हापासून बंद होतं. भांडण कशावरून झालं ते आता कोणालाच नीट आठवत नव्हतं, पण अबोला मात्र दोघींनी अगदी नेमाने पाळला होता.

ती मशीनं बनवणारी कंपनी पुढे बुडाली आणि मशीनं चालवणारं तिचं सॉफ्टवेअरही जागच्या जागी थिजलं. नवी मशीनं घ्यायची तर घर विकावं लागलं असतं. तेव्हा वहिनीने एक खुलं सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कोणीही घ्यावा, वापरावा, चुकलं तिथे सुधारावा आणि ती सुधारणा सगळ्यांसाठी परत पाठवावी. नवरा म्हणाला, "फुकटच्या वस्तूवर धंदा?" वहिनी म्हणाली, "बुडालेल्या कंपनीवर करण्यापेक्षा बरा!" काही दिवसांनी समोरच्या कारखान्यातूनही तीच खडखड ऐकू येऊ लागली. धाकटीनेही तेच घेतलं होतं.

त्यात एक खोट निघाली. मोठ्या मापाच्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड यायची. वहिनीने ओळखीच्या संगणकवाल्याला बोलावलं. त्याने घाम गाळून चूक दुरुस्त केली आणि म्हणाला, "आता ही दुरुस्ती परत पाठवूया."

"आणि समोर आयतं वाढून ठेवूया? काही नको."

"अहो, तेही सगळं तुम्हाला आयतंच मिळालंय की!"

हे वहिनीला झोंबलं, पण ती बधली नाही. मोठ्या मापाची गिऱ्हाइकं हळूहळू तिच्याकडे वळू लागली होती. धंदा म्हटला की एवढं चालायचंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पण सॉफ्टवेअर काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. जगभरची माणसं त्यात भर घालत होती आणि नवी आवृत्ती घेतल्याशिवाय गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या नव्या नक्ष्या मशीनला वाचताच येत नव्हत्या. नवी आवृत्ती आली की वहिनीची लपवलेली दुरुस्ती पुसली जायची. पुन्हा संगणकवाल्याला साकडं, पुन्हा मशीनं बंद. शेवटी त्याने हात टेकले. त्याला परगावी नोकरी लागली होती. "माझ्यामागे हे कोण करणार?" तो म्हणाला. "दुरुस्ती मूळ कोडमध्ये गेली तर सगळे मिळून सांभाळतील. घरात कोंडून ठेवलीत तर पुढच्या आवृत्तीला मोठी मापं कायमची बंद." मोठी मापं बंद म्हणजे निम्मा कारखाना बंद. वहिनीने ती पाठवायला सांगितली.

दुरुस्ती गेली. ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींचं उत्तरही आलं, मोठं गोड. फक्त त्या मंडळींचा एक रिवाज होता: दुसऱ्या कोणीतरी त्याच मशीनवर विणून पाहिल्याशिवाय कोणाचीच दुरुस्ती आत घ्यायची नाही. त्या जुन्या मशीनवर काम करणारं दुसरं कोणीच पुढे येईना. दिवसामागून दिवस गेले. संगणकवाला सामान बांधायला लागला.

शेवटी वहिनीने दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह मुठीत धरला आणि रस्ता ओलांडला.

धाकटीच्या कारखान्यात एक बाई खाली बसून लोकर उसवत होती. तिच्या शेजारी डाव्या बाह्यांचा ढीग होता. आखूड आलेली प्रत्येक बाही उसवायची आणि सुईने हाताने वाढवून विणायची. आपल्या कारखान्यात बसून वहिनीला जी नुसती धंद्यातली लपवाछपवी वाटली होती, ती इथे अशी ढिगाने पडलेली होती.

"हे चालवून बघशील?" तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "डाव्या बाहीची दुरुस्ती आहे. दुसऱ्या कोणी विणून पाहून कळवल्याशिवाय ते आत घेत नाहीत."

धाकटीने तो घेतला. "कधीपासून आहे तुमच्याकडे?"

'कालपासून' हा शब्द वहिनीच्या अगदी ओठांवर आला होता.

"वर्ष झालं," ती म्हणाली.

उसवणाऱ्या बाईचे हात थांबले. धाकटी मशीनकडे वळली. दोन्ही बाह्या विणून होईपर्यंत तिने वहिनीला बसा म्हटलं नाही, आणि वहिनीही उभीच राहिली. मग धाकटीने बाह्या टेबलावर एकीवर एक ठेवल्या, कडा जुळवल्या, ओढून पाहिल्या. त्या तंतोतंत सारख्या होत्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तसं कळवते त्यांना. आत्ताच कळवते."

वहिनीला हुंदका आवरेना. "तू नाही म्हणाली असतीस तरी—"

"काम चांगलं आहे, त्याला वाईट कशी म्हणू?" धाकटीने तिचं बोलणं मध्येच तोडलं. "पण वहिनी, माझा राग गेलेला नाही. वर्षभर उसवतेय मी. तो इतक्यात जायचा नाही."

"नको जाऊ देऊस," वहिनी म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, त्या बाईशेजारी जमिनीवर बसली आणि ढिगातली वरची बाही उचलून उसवायला लागली.