दोनदा वर सरकलेलं गाव: बाबांसोबत पिपलखेडा

बाबा यंदा ऐंशीचे झाले. दिवाळी आटोपल्यावर एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "सुनीता, मला एकदा पिपलखेड्याला नेशील?" मी कप खाली ठेवला. तीस वर्षांत हे नाव त्यांनी आपणहून कधीच काढलं नव्हतं.

थोडं मागचं सांगते. आम्ही मूळचे इंदूरच्या परदेशीपुऱ्यातले. बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. गेटला कुलूप लागल्यावरही बाबा कितीतरी दिवस डबा घेऊन वेळेवर निघायचे आणि गेटसमोर बसून घरी यायचे. शेवटी निमाडातल्या या लहानशा गावी, कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. आम्ही इंदूरला, ते तिथे. दुसऱ्या पावसाळ्यात पूर आला आणि बाबा कायमचे परत आले. पुढे पंखे-मोटारी दुरुस्त करून त्यांनी आम्हाला शिकवलं. पुराबद्दल विचारलं की म्हणायचे, "पाणी आलं, गेलं. क्या बताऊं उसमें."

इंदूरच्या राजेंद्र नगरहून, म्हणजे आमच्या आताच्या घरून, सकाळी सातला निघालो. राऊला पोहे-जिलबी खाऊन घ्या, पुढे तशी चव नाही. महूजवळ बाबांनी नेहमीप्रमाणे, आजोबा इथल्या पलटणीत होते, याची आठवण करून दिली. मानपूरला चहा झाला. तिथून घाट लागतो. ट्रकांची रांग असते, घाई करू नका. घाट उतरलात की हवाच बदलते. माळव्यात स्वेटर घातला होता, निमाडात तो मागच्या सीटवर गेला. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. बाबा मात्र खिडकीबाहेर बघतच नव्हते.

हमरस्ता सोडल्यावर तासभर एकेरी रस्ता आहे. गावात मुक्कामाची सोय नाही, त्यामुळे त्याच दिवशी परतायच्या बेतानं जा. बसस्टँडवर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मिळते, ती चुकवू नका.

हे गाव बघायचं तर वरून खाली चालत जायचं. निवृत्त मास्टरसाहेब भेटले, ते सोबत आले. वरची वस्ती नवी, सिमेंटची, शेवटच्या मोठ्या पुरानंतरची. मधली त्यांच्या आजोबांच्या काळातल्या पुरानंतर वसलेली. आणि अगदी खाली, नदीकाठी, जुना बाजार. तिथे आता फक्त ओटे उरलेत आणि एक देऊळ. देवळाच्या घुमटाला भूकंपाच्या हादऱ्यानं पडलेली भेग आहे. एका दुष्काळात हीच नदी लोक चपला न काढता ओलांडत होते, असं मास्टरसाहेब सांगत होते. शाळेच्या भिंतीवर पुराच्या लाल रेघा आहेत. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर.

"ये वाली सबसे बड़ी," मास्टरसाहेब म्हणाले. "ऊपर के तालाब की पाल टूटी थी. सुबह-सुबह." पाल म्हणजे तलावाचा बांध; हा बाबांच्या वेळचा पूर.

बाबांनी त्या रेघेला हात लावला. मग म्हणाले, "गेंदालालजी का घर किधर है अब?"

गेंदालालजी म्हणजे बाबांचे घरमालक. त्यांच्याच घरात बाबा खोली घेऊन राहायचे. ते पुरात गेले, एवढंच मला ठाऊक होतं.

घर मधल्या वस्तीत. कमलाबाई, त्यांच्या पत्नी, अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. "इंदौर वाले भैया?"

खाटेवर बसलो. पाणी आलं. बाबा ते प्यायले नाहीत. हात जोडून म्हणाले, "भाभीजी, गेंदालालजी भैंस खोलने नहीं गए थे. मेरे लिए आए थे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, यंत्रांची दुरुस्ती चालते. त्या सकाळी पाणी चढायला लागल्यावर बाकीचे पळाले. बाबा मात्र मोटारी खोलून माळ्यावर चढवत बसले. एक मिल गेली होती, या यंत्रांनाही बुडू द्यायचं नाही, असं काहीतरी डोक्यात भरलं होतं. पाणी छातीला आलं तेव्हा गेंदालालजी दोर घेऊन बाबांना शोधत जिनिंगमध्ये आले. दोर एकच. "पहले तुम चढ़ो, तुम्हें तैरना नहीं आता," एवढं बोलून त्यांनी बाबांना छपरावर ढकललं. बाबांनी वरून हात खाली केला तेव्हा भिंत गेली. गेंदालालजीही गेले. त्यांना तिकडे जाताना कोणी पाहिलं नव्हतं; दुसऱ्या दिवशी गावात सगळे म्हणत होते, म्हैस सोडायला गेला आणि वाहून गेला. बाबांनी ते ऐकून घेतलं, आणि मिळेल त्या ट्रकनं इंदूर गाठलं.

कमलाबाईंचे हात मिरच्यांवर तसेच थांबले होते.

"तीस साल से मैं उनको कोस रही," त्या म्हणाल्या. "कि जानवर बच्चे से ज़्यादा हो गया. दो लाइन की चिट्ठी नहीं डाल सकते थे?"

"हिम्मत नहीं हुई, भाभीजी."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता निघावं. मी बाबांना खुणावलं, पण ते हलले नाहीत. थोड्या वेळानं कमलाबाई आपल्या मुलाला घेऊन बाहेर आल्या. मुकेश. पूर आला तेव्हा चार वर्षांचा, आता कानशिलं पिकलेली.

"इसके सामने फिर से बोलो," त्या म्हणाल्या. "पूरा."

बाबांनी पुन्हा सांगितलं. संपल्यावर मुकेश म्हणाला, "स्कूल में लड़के मेरे को भैंसवाला बोलते थे."

जेवायला कोणी थांबवलं नाही. निघताना बाबा वाकले, तर कमलाबाई मागे सरकल्या. "पहले आना था, भैया." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मुकेश गाडीपर्यंत आला, बाबांना हात धरून बसवलं आणि दार हळूच लावलं.

घाट चढताना बाबा रडले. मी गाडी बाजूला घेतली.

घरी येऊन आठवडा झाला. त्या गावानं पूर, दुष्काळ, भूकंप सगळं सोसलं, दोनदा जागा बदलली. पण एका घराला तीस वर्षं जे सोसावं लागलं ते नदीनं केलेलं नव्हतं, हे काही माझ्या मनातून जात नाही. बाबांवर रागही येतो, आणि ऐंशीव्या वर्षी ते त्या अंगणात बसून राहिले, याचा अभिमानही वाटतो.

काल ते म्हणाले, "तू फिरण्याचं लिहितेस ना, त्यात हे पण टाक. गेंदालालजींचं नाव लिही. आणि मी घाबरलो म्हणून गप्प राहिलो, तेही लिही. सांभाळून घेऊ नकोस मला."

म्हणून हे लिहिलं.